चौथ्या नळीतलं पाणी

सर प्रयोगशाळेच्या दारात उभे राहत आणि प्रॅक्टिकलला येणाऱ्या प्रत्येक मुलाचे तळहात हुंगत. मी थट्टा करत नाही, खरंच हुंगत. मुलगा समोर आला की म्हणायचे, "हात." मुलाने दोन्ही हात पुढे करायचे, सरांनी ते आपल्या हातात घेऊन नाकाजवळ न्यायचे, आणि मग एक तर "जा" म्हणायचं, नाही तर "नळावर." नळापाशी रिठ्याच्या पाण्याची बादली आणि डब्यात चुलीतली राख ठेवलेली असे. मुलींचे हात ते हातात घेत नसत, नुसते वाकून हुंगत, आणि मागची पोरं खिदळत. सरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना तेल शोधायचं होतं.

घाटकोपरला टेकडीखाली तेव्हा आमचं कॉलेज नवं होतं. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तिथे फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे यंत्रं मांडून द्यायची, मुलांनी मोडली की दुरुस्त करायची आणि पगाराच्या दिवशी आपण शिक्षक आहोत असं समजायचं. सर माझे वरिष्ठ. मुलुंडला राहत. त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं ते नाव घेऊन सांगण्यासारखं नाही.

तेलाची भानगड अशी. इंटरच्या, म्हणजे कॉलेजातल्या दुसऱ्या वर्षाच्या, मुलांना पाण्याचा पृष्ठताण मोजायचा प्रयोग असे. पाण्याच्या वरच्या थराला एक ओढ असते, तोच पृष्ठताण. केसासारखं बारीक भोक असलेली काचेची नळी पाण्यात उभी धरली की त्या ओढीने पाणी आपोआप नळीत चढतं. किती चढलं ते मोजायचं, भोक मोजायचं, गणित करायचं. उत्तर बहात्तरच्या आसपास येतं. ते पुस्तकात आधीच छापलेलं असतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. मुलं बहात्तरावरून उलटं गणित करून पाणी किती चढायला हवं होतं ते काढत आणि तेवढंच चढलं म्हणून लिहीत. याला आमच्याकडे रीडिंग शिजवणं म्हणत. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना शिकवत, आम्ही काणाडोळा करत असू, आणि परीक्षक बहात्तर दिसलं की टिक करून पुढच्या टेबलाकडे जात. सगळ्यांचं छान चाललं होतं.

सरांना मात्र सलग बहात्तर दिसलं की राग यायचा. एका मुलाने चार नळ्यांची चार उत्तरं एकसारखी बहात्तर आणली होती. सरांनी त्याला शून्य दिलं.

"हे पाणी बघून लिहिलंस की पुस्तक बघून?" त्यांनी विचारलं.

"पाणी बघून, सर."

"पुस्तकातलं पाणी गार देशातलं आहे. हे घाटकोपरचं, नळातून येतं तेच कोमट. ते बहात्तर कशाला देईल? एकाहत्तर आण, साडेएकाहत्तर आण, मी मान्य करतो. चारही बहात्तर म्हणजे तू पाण्याकडे बघितलंच नाहीस."

त्यांचा नियम एकच होता, आणि तो ते वर्षभर इतक्या वेळा सांगत की मुलं मागून नक्कल करत. एखादा आकडा इतरांपेक्षा फटकून आला तर तो खोडायचा नाही. आधी का आला ते शोधायचं. कारण सापडलं की कारण लिहायचं आणि मगच खोडायचं. नाही सापडलं तर तो आकडा बाकीच्यांच्या पंगतीला बसणार, मग सरासरी बिघडली तर बिघडली. "आपल्याला आवडला नाही हे कारण होत नाही," असं म्हणून ते बोट नाचवत.

हा माणूस बाहेरही असाच वागत असे. बाजारात भाजीवाल्याने वांगी जोखली की पारडी अदलाबदल करून पुन्हा जोखायला लावत. भाजीवाले त्यांना लांबून बघूनच टोपलीवर गोणपाट टाकत. एकदा सणसणून ताप आला म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, ताप एकशे दोन. पुन्हा लावला, एकशे दोन. तिसऱ्यांदा सरांनीच हट्टाने लावायला सांगितला तर साडेअठ्ठ्याण्णव. डॉक्टर म्हणाले, नीट लागला नसेल, जाऊ द्या. सर अंगावर घोंगडी घेऊन हुडहुडत डॉक्टरांशी वाद घालत बसले की का लागला नाही ते कळल्याशिवाय आपण औषध घेणार नाही. मागे रांगेत बायका पोरं घेऊन उभ्या होत्या. शेवटी बरोबर आलेल्या सरांच्या बायकोने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं आणि मला म्हणाली, "तुम्ही तरी कशाला आणलंत यांना? घरीच काढा दिला असता."

तेल त्यांनी कसं शोधलं तेही सांगतो, कारण त्यात सरांचं मोठेपण होतं आणि ते मी नाकारत नाही. खिडकीजवळच्या टेबलावरून पृष्ठताण नेहमी कमी यायचा. साठ, कधी अठ्ठावन्न. मुलं अर्थातच तो खोडून बहात्तर लिहीत. सरांनी पाणी बदललं, नळ्या बदलल्या, नळीतलं पाणी मोजायचा सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलावर नेला, खिडकी बंद करून पाहिली. आम्ही सगळे कंटाळलो, ते कंटाळले नाहीत. एक दिवस खिडकीच्या काचेत बघून एक मुलगा केसांवरून हात फिरवत होता. कोकणातली पोरं ती, डोक्यावर नारळाचं तेल थापून आलेली. त्याने भांग नीट केला आणि त्याच हाताने नळी उचलली. सर तिथेच थांबले. मग त्यांनी त्या मुलाचा कंगवा मागून घेतला, स्वच्छ पाण्यात बुडवला आणि त्या पाण्याचा पृष्ठताण मोजला. साठ आला. त्या दिवशी सरांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी लग्नातल्या नवरदेवाच्याही चेहऱ्यावर पाहिलेला नाही. ते मला म्हणाले, "बघ, तो आकडा खोडला असता तर तेल कळलंच नसतं."

तेव्हापासून हात हुंगणं सुरू झालं. स्वतः सरांनी डोक्याचा चकोट केला आणि कायमचा ठेवला. मुलुंडला त्यांना रोज कुणी तरी हळू आवाजात विचारायचं, "कोण गेलं हो घरचं?" ते म्हणायचे, "कुणी नाही, पृष्ठताण." विचारणारा माणूस समजल्यासारखी मान हलवून निघून जायचा.

आता सुलूचं. सुलू माझी धाकटी बहीण. आमचे वडील कुर्ल्याच्या गिरणीत होते, आई मालवणकडची, घर घाटकोपरलाच दोन खोल्यांचं. त्या दोन खोल्यांत सुलूने डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. आमच्या नात्यात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं, मी सोडून, आणि मी गेलो तो असा डेमॉन्स्ट्रेटर झालो. सुलू माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती. मेडिकलला प्रवेश इंटरच्या मार्कांवर मिळे. ती आमच्याच कॉलेजात इंटरला आली आणि सरांची विद्यार्थिनी झाली. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "सुलू, सरांचं वर्षभर ऐक, पण परीक्षेत ऐकू नकोस. परीक्षेत बहात्तर लिही आणि मोकळी हो."

"तू स्वतः शिकवतोस ना रे दादा तिथे?" ती म्हणाली. "लाज नाही वाटत?"

तिला सर आवडत. तिला त्यांचं ते कारण शोधणं आवडे. डॉक्टरही हेच करतो, असं ती आईला सांगायची. आई म्हणायची, "होय गो, पण पयली पास तरी हो."

परीक्षेचा दिवस आला. प्रॅक्टिकलला दोन परीक्षक असत, एक बाहेरून शहरातून आलेले आणि एक कॉलेजातले. कॉलेजातले म्हणजे सर. माझी बहीण परीक्षेला आहे म्हणून सरांनी मला त्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकायला बंदी केली. नियम म्हणून ते बरोबरच होतं. एरवी ॲसिडने धुतलेल्या नळ्या चिमट्याने उचलून मुलांना द्यायचं काम माझं. त्या दिवशी ते सरांनी स्वतः केलं. दारात हात हुंगायचे, टेबलांमधून फिरायचं, कुणी पुन्हा केसांना हात लावला की त्याचे हात पुन्हा हुंगायचे, आणि कुणी नळी मागितली की ती द्यायची. मी बाहेर बाकावर बसून होतो. आत काय झालं ते मला सुलूने सांगितलं, आणि नंतर सरांनीही तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

सुलूच्या पहिल्या तीन नळ्यांनी एकाहत्तरच्या आसपास उत्तर दिलं. चौथी नळी तिने उशिरा मागितली. ती सरांनी दिली. त्या नळीने साठ दिलं. सुलूने आपले हात हुंगले, नळी पाण्याने धुतली, पुन्हा मोजलं, पुन्हा साठ. ॲसिडने धुवायला वेळ उरला नव्हता. ती घाबरली, पण तिने साठ लिहिलं, आणि खाली लिहिलं की कारण सापडलं नाही. शेजारच्या मुलाने तोवर चारही नळ्या बहात्तरवर शिजवून पेपर दिला होता.

बाहेरचे परीक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सुलूला तोंडी प्रश्न विचारले, तिने सगळ्यांची उत्तरं दिली. ते खूश झाले. सरांना म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो. हा एक आकडा घालवतोय सगळं. खोडू दे तिला. वेळ संपल्यावरची खाडाखोड आहे, बाजूला तुमची सही लागेल. करा सही, मी मार्क देतो."

सर म्हणाले, "खोडायला कारण काय लिहू?"

"नळी खराब असेल."

"असेल की आहे?"

"अहो, एवढं काय त्यात? दिसतंय की सरळ."

"मला दिसत नाही," सर म्हणाले. "कारण सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

सुलू समोर उभी होती. ती सरांकडे बघत होती. परीक्षकांनी खांदे उडवले, चारही आकड्यांची सरासरी केली, उत्तर चुकीचं म्हणून लाल रेघ मारली. शिजवणाऱ्या मुलाच्या पेपरवर टिक झाली. मी बाहेर बाकावर बसून होतो, आणि सुलू बाहेर आली तेव्हा मला वाटलं तिला बरं वाटत नाहीये.

पुढे काही दिवसांनी, निकाल लागायच्या आधी, एका संध्याकाळी सर आमच्या घरी आले. याआधी कधी आले नव्हते. हातात रुमालात गुंडाळलेली ती चौथी नळी. दारातच चपला काढताना ते हसत होते. मला तेव्हाच भीती वाटली, कारण असं हसताना मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, त्या कंगव्याच्या दिवशी.

"सापडलं," ते म्हणाले. "सुलोचना, कारण सापडलं."

आईने पाट दिला. वडील पाळीवरून नुकतेच आले होते, ते बनियनवरच उठून उभे राहिले. सर पाटावर बसून सांगू लागले. नळीत तेल होतं, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सुलूचे हात स्वच्छ होते, ते त्यांनी स्वतः हुंगले होते. मग तेल आलं कुठून? दिवसभर मुलांचे हात हातात घेऊन घेऊन तेल सरांच्याच बोटांना लागलं होतं. एकेका मुलाचं इतकं थोडं की हुंगून कळत नव्हतं, पण सगळ्यांचं मिळून सरांच्या बोटांवर साठत गेलं, आणि चौथी नळी देईपर्यंत पुरेसं झालं. त्या बोटांनी त्यांनी सुलूची नळी धरून दिली. चिमटा त्यांना सुचलाच नव्हता. त्यांनी घरी सगळं पुन्हा करून पाहिलं होतं. शेजारच्या पोरांना ओळीने उभं करून त्यांचे हात हातात घेतले, मग नळी धरली. साठ आला.

"तेल माझ्याच हाताचं होतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे चमकत होते. स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला त्या क्षणी त्यांना उचलून जिन्यावरून खाली टाकावंसं वाटलं.

आई सुलूला म्हणाली, "काय म्हणतत गो मास्तर?"

सुलू म्हणाली, "माझी चूक नव्हती म्हणतात, आई." ती खरंच खूश झाली होती. मग तिने सरांना विचारलं, "मग सर, मार्क?"

"उद्याच जातो युनिव्हर्सिटीत," सर म्हणाले. "समक्ष सांगतो. चूक परीक्षकाची आहे, विद्यार्थ्याची नाही. सुधारतील."

वडिलांनी हात जोडले. सरांनी चहा घेतला, नळी पुन्हा रुमालात गुंडाळली आणि गेले. दुसऱ्या दिवशी ते खरंच फोर्टात गेले, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात एका कारकुनापुढे उभे राहिले आणि सगळं सांगून आले. कारकून म्हणाला, "ठीक आहे, बघतो." हे मला सरांनीच कॉलेजात सांगितलं, काम झाल्याच्या सुरात. मी म्हटलं, "सर, ‘बघतो’ म्हणजे काही होणार नाही." ते म्हणाले, "का नाही होणार? कारण दिलंय मी."

ही बातमी आमच्या विभागप्रमुखांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. कॉलेजचाच परीक्षक जाऊन आपल्या हाताला तेल होतं म्हणून सांगतो, म्हणजे सगळ्याच मुलांच्या मार्कांवर प्रश्न. मी त्यांच्याकडे गेलो, सुलूचं म्हणणं मांडलं. ते म्हणाले, "एका पोरीसाठी अख्ख्या सेंटरचे पेपर पुन्हा उघडायला लावू? तू नोकरी करतोस ना इथे? कर की मग." सरांची नेमणूक त्या वर्षी पुढे चालवली नाही. निरोप समारंभ नाही, काही नाही. सुट्टीत त्यांच्या टेबलाचा खण मीच रिकामा केला. राखेचा डबा शिपायाने फेकून दिला, आणि पुढच्या वर्षापासून प्रयोगशाळेत सगळ्यांचं बहात्तर येऊ लागलं.

निकाल लागला. सुलू मेडिकलला थोडक्यात हुकली. किती थोडक्यात ते मी सांगत नाही. पुढे गिरणीत कपात झाली, वडील घरी बसले, आणि सुलूने म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नोकरी धरली. खिडकीवर बसून केसपेपर लिहायची. नाव काय, वय काय, काय होतंय. आत डॉक्टरकडे जाणारा प्रत्येक माणूस आधी तिच्यापुढे वाकून उभा राहायचा, आणि ती त्याला कुठल्या खोलीत जायचं ते सांगायची.

बरीच वर्षं मी सरांना भेटलो नाही, भेटायची इच्छाही नव्हती. एकदा एका लग्नाचं आमंत्रण द्यायला मुलुंडला गेलो होतो तेव्हा त्यांच्या बायकोने मला रस्त्यात ओळखलं आणि ओढूनच घरी नेलं. सर आता शिकवण्या घेत होते. पुढच्या खोलीत सतरंजीवर पोरं बसली होती. मला बघून सर उठले, एकदम खूश झाले, आणि पोरांना म्हणाले, "मी तुम्हाला ती चौथ्या नळीची गोष्ट सांगतो ना? तिचे हे भाऊ."

पोरं माझ्याकडे कौतुकाने बघू लागली. सर सांगत होते, दर वर्षी सांगत असावेत इतकं ते तोंडात बसलं होतं. आकडा खोडला नाही. कारण शोधलं. चूक आपलीच निघाली, तरी लपवली नाही, जाऊन सांगितली, आणि चूक सुधारली गेली. "ती मुलगी आज डॉक्टर आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कुठे असते रे सुलोचना आता? दवाखाना टाकला की हॉस्पिटलात?"

मला राग आला. इतक्या वर्षांचा सगळा एकदम आला. मी म्हटलं, "हॉस्पिटलात आहे, सर. खिडकीवर. केसपेपर लिहिते."

"म्हणजे?"

"डॉक्टर झाली नाही ती. मार्क बदललेच नाहीत कुणी."

सर उभेच होते. "पण मी समक्ष सांगून आलो होतो."

"सांगून आलात. मग पुढे काय झालं ते विचारायला गेलात का? युनिव्हर्सिटीचं जाऊ दे, त्यानंतर आमच्या घरी तरी आलात का कधी? मुलुंडहून घाटकोपर काय लांब होतं, सर?"

त्यांची बायको चहाचा कप घेऊन दारात थांबली. पोरं खाली बघत होती. सर भिंतीला हात लावून सतरंजीवर बसले. "झालं असेल असं मला वाटलं," एवढंच ते म्हणाले. मी चहा न घेता निघालो. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, थर्मामीटरशी भांडणारा हा माणूस, एका काचेच्या नळीसाठी पोरांची रांग लावणारा, आणि ज्या मुलीचं नुकसान झालं तिचं काय झालं ते एकदाही विचारायला आला नाही. मला जिन्यावरच फार बरं वाटलं. सांगायला हवंच होतं असं वाटलं, आणि घरी जाऊन सुलूला कधी एकदा सांगतो असं झालं.

सुलू ड्यूटीवरून येऊन भाजी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. सरांची शिकवणी, पोरांना सांगायची ती गोष्ट, मी काय बोललो, सर कसे बसले. मला वाटलं तिला बरं वाटेल. ती भाजी निवडायची थांबली.

"कशाला सांगितलंस रे त्यांना?" ती म्हणाली. "मुलुंडला एका घरात तरी मी डॉक्टर होते. तेवढंही ठेवलं नाहीस."